घरत सरांची हरकत

पेणच्या आमच्या शाळेत व्हरांडा संपतो तिथं उजव्या हाताला शिक्षकांची खोली होती. आम्ही सामान्य माणसं त्या कोपऱ्यावर नुसती वळायचो. नारायण घरत तसे वळत नसत. ते आधी थांबत, उजवा हात खांद्याच्या पातळीवर सरळ लांब करत, मागून कोणी येत नाही ना ते बघत आणि मग वाहतुकीचे सगळे नियम पाळून चहा प्यायला आत शिरत. एकदा त्या लांब झालेल्या हातानं मुख्याध्यापकांच्या हातातली बशी उडाली. मुख्याध्यापक काही बोलायच्या आत सरांनीच त्यांना विचारलं, "इशारा दिसला नाही का?"

मी त्या शाळेत चित्रकला शिकवायचो. माणसाच्या शरीराची प्रमाणं मुलांना फळ्यावर आखून द्यायचो, आणि तास संपवून बाहेर आलो की ती सगळी खोटी पाडायला घरत सर समोर उभे असायचे. अंगानं किडकिडीत, मान आखूड आणि हात असे की उभ्या उभ्या गुडघा खाजवावा. त्या हातांचा उपयोग ते प्रामुख्यानं हरकत घेण्यासाठी करत. सभा कुठलीही असो, तो हात वर गेला की पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ असायचं. "माझी हरकत आहे."

आमच्या एका वारलेल्या सहकाऱ्याच्या शोकसभेत कोणीतरी म्हणालं की, त्यांनी उभ्या नोकरीत कधी तासाला उशीर केला नाही. झालं, हात वर. सरांनी हरकत नोंदवली, दिवंगतांच्या उशिराची दोन-तीन उदाहरणं दिली आणि मग सगळ्यांत जास्त मनापासून मौन पाळलं. मौन संपलं तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. माणूस खोटा नव्हता, हीच तर त्यांची अडचण होती.

त्यांची खरी कीर्ती मात्र नशाबंदी समितीचे अध्यक्ष म्हणून. तालुक्यात असं गाव नव्हतं जिथं त्यांनी यकृतावर भाषण दिलं नाही. भाषणासाठी यकृताची दोन मोठी चित्रं मीच काढून दिली होती, एक निरोगी आणि एक पिणाऱ्याचं. शाळेतले रंग संपले म्हणून मी शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून थोडा रंग मागून आणला, त्यामुळे निरोगी यकृताला मूर्तीसारखी गुलाबी झळाळी आली. काही गावांत बायका त्याला हात जोडत. पिणाऱ्याच्या यकृताकडे पुरुष मंडळी ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी बघत आणि सभा संपली की ज्याच्या त्याच्या कामाला लागत. पण सरांचा विश्वास ढळला नाही. वैद्यांनी दिलेलं आसवसुद्धा ते परत करायचे. त्यात मद्यार्क असतो, असं त्यांचं म्हणणं. वैद्य वैतागून म्हणायचे, मग नुसतं पाणी प्या आणि बरे व्हा. सर तेच करायचे.

या सगळ्यामागचं कारण फक्त एकदा, माझ्याकडे चित्रं न्यायला आले असताना, त्यांनी सांगितलं. वडील धरमतरकडच्या मिठागरावर राबायचे. दिवसभर मिठाच्या पाण्यात उभं राहून पाय फुटायचे आणि संध्याकाळी ते दुःख प्याल्यात बुडवायचे. पिऊनच गेले. सर शिकायला बाहेर पडले ते परत घरी राहायला गेलेच नाहीत. बापाचं शेवटपर्यंत सगळं केलं ते धाकट्या बहिणीनं, हिरानं. सरांना त्या घरातला दारूचा वास तेवढा आठवायचा आणि हिराबाईंना बाप आठवायचा. दोघांची गोष्ट एकाच माणसाची होती, पण ती दोघांना कधी एकत्र सांगता आली नाही.

आता त्यांच्या गाडीबद्दल. जुनी फियाट, रंग मुळात कुठला होता यावर मतभेद होते. तिचे बाजूचे दिवे व्यवस्थित चालायचे, पण सरांचा दिव्यांवर भरवसा नव्हता. दिवा लागलाय की नाही हे आत बसलेल्याला दिसत नाही, हात दिसतो, हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्यामुळे वळायला हात, थांबायला हात, मागच्याला पुढे जाऊ द्यायला हात. त्यांच्या गाडीत बसलं की स्टिअरिंग नेमकं कोण धरून आहे हा प्रश्न मनात यायचा. वेगाबद्दल काय सांगावं? वडखळ नाक्याच्या पुढे एकदा एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला आणि सरांनी त्यालाही हात दाखवून वाट दिली. मात्र इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडा नाही की त्यांच्या नावावर एक पावती नाही. हे ते इतक्या वेळा सांगत की ऐकणाऱ्याला अपघात बरा वाटावा.

हिराबाई रोह्याजवळच्या एका गावात दिल्या होत्या. त्यांच्याकडे हळदीला एक रीत होती. नवरीला हळद लावायच्या आधी मामाच्या हातात पहिला प्याला द्यायचा. आजोबांच्या जागी मामा, म्हणून तो मान त्याचा. मामानं तोंडाला लावला की मग हळद पुढे सरकायची. थोरल्या भाचीच्या हळदीला मीही सरांबरोबर गेलो होतो. हिराबाई प्याला घेऊन मांडवात उभ्या राहिल्या आणि सरांचा हात वर गेला. प्याल्यासाठी नव्हे, हरकतीसाठी. त्यांनी भर मांडवात यकृतावर भाषण केलं. चित्रं सोबत नव्हती म्हणून हातांनी आकार दाखवले. वाजंत्री थांबले, लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणी गायच्या थांबल्या, नवरी पाटावर बसून मामाकडे बघत राहिली. भाषण संपल्यावर हिराबाईंनी प्याला मांडवाच्या खांबापाशी, मेढीपाशी ओतला आणि त्या आत निघून गेल्या. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं नाही, पण जेवढ्यास तेवढं राहिलं. पेणला गणपतीला त्या दर वर्षी यायच्या, ते थांबलं. सर प्रत्येक वर्षी आरतीच्या वेळी उगाच दारापर्यंत जाऊन येत.

मधल्या काळात हिराबाईंचे यजमान गेले आणि मग धाकटीचं लग्न ठरलं. सर मला म्हणाले, तुम्ही चला बरोबर. कशासाठी ते सांगितलं नाही. मी धरून चाललो की चित्रं धरायला माणूस हवा असेल.

हळद दुपारी होती. या खेपेला हिराबाई प्याला घेऊन पुढे आल्या नाहीत. प्याला भरून देवापाशी पाटावर ठेवला होता, बस. मांडव ताटकळला. शेवटी नात्यातल्या एका चुलत्यानं मोठ्या मनानं जबाबदारी उचलायची तयारी दाखवून हात पुढे केला. हिराबाई त्याला म्हणाल्या की राहू दे, त्याचा मान आहे, तो घेईल नाहीतर तसाच राहील. मग त्या सरांकडे वळल्या. आवाज चढवला नाही.

"पिऊ नको, दादूस. नुसता हातान धर. बाचा मान हाय."

सरांनी प्याला हातात धरला. मी त्यांच्या दुसऱ्या हाताकडे बघत होतो, तो आता वर जाणार म्हणून. गेला नाही. त्यांनी डोळे मिटले आणि अर्धा प्याला घशाखाली ढकलला, पोरं एरंडेल पितात तसं तोंड करून. उरलेला अर्धा हिराबाईंनी त्यांच्या हातून घेऊन मेढीपाशी ओतला. धवलारणींनी गाणं धरलं. हिराबाई पदरानं तोंड पुसत हसल्या की रडल्या ते मला दिसलं नाही, त्यांनी पाठ फिरवली होती. खरं सांगतो, मला त्या क्षणी सरांचा अभिमान वाटला, आणि सरांबद्दल असं काही वाटायची मला सवय नव्हती.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण मांडवात चारचाकी एकट्या सरांचीच, आणि रोहा स्टेशनवर पाहुणे उतरायचे होते. ऊन कलतीला लागलं होतं, आम्ही निघालो. वाटेत सरांनी मला विचारलं की वास येतो का. मी म्हणालो, येतो. त्यावर त्यांनी गाडी आणखी हळू केली. आधीच जी चालत होती ती आता विचार करत चालू लागली.

रोह्यात शिरताना नाकाबंदी होती. एक हवालदार रस्त्याच्या मध्ये आला आणि त्यानं थांबायची खूण केली. सर नियमात बसणारा माणूस. त्यांनी वेग कमी करण्याचा इशारा दिला, म्हणजे उजवा हात खिडकीबाहेर पूर्ण लांब काढून वर-खाली, वर-खाली. हवालदार नेमका तेव्हाच खिडकीशी पोचला होता. हात वर जाताना त्याची टोपी उडाली आणि रस्त्याकडेला सुका जवळा विकत बसलेल्या बाईच्या पाटीत जाऊन पडली.

पुढचं अर्थातच वासावर आलं. हवालदाराला आधी टोपीचा वास आला, मग सरांचा. तोंडानं फुंकायचं यंत्र तेव्हा नवीनच आलं होतं आणि पोलिसांनाही त्याचं कौतुक होतं. सर एवढ्या जोरात फुंकले की यंत्र हवालदाराच्या हातात हललं. आकडा आला तो कायद्यानं आखलेल्या मर्यादेच्या आत. बराच आत. दारूचा गुन्हा होत नव्हता. पण टोपीचं काय? हवालदारानं निष्काळजीपणे वाहन चालवल्याची पावती फाडली. रक्कम मामुली होती. माणूस वाईट नव्हता, त्यानं आपल्याकडून समजावून सांगितलं की भरा आणि जा, कुणाला कळायचंही नाही.

सरांनी पावती चष्मा लावून वाचली आणि हात वर केला. हवालदार दोन पावलं मागे सरला.

"माझी हरकत आहे. मी प्यायलोय. निष्काळजी नाही."

"सर, कोर्टात जाल तर सगलाच निघंल," हवालदार म्हणाला.

त्याला जे कळलं ते अध्यक्षांना कळलं नाही. सरांच्या मते कोर्टापुढे प्रश्न एकच होता, इशारा नियमाप्रमाणे होता की नव्हता. पिण्याचा प्रश्न यंत्रानं निकालात काढलेला होता. पावती भरली असती तर पेणमध्ये कोणाला पत्ता लागला नसता आणि सर मरेपर्यंत अध्यक्ष राहिले असते. पण कागदावर 'निष्काळजी' राहिलं असतं. ते त्यांना झोपू देईना.

रोह्याच्या वकिलांनी त्यांचे डोळे उघडले. बचाव करायचा तर यंत्राचा आकडा पुढे करावा लागणार, आणि आकडा मर्यादेच्या आत असला तरी शून्य नव्हता. तो पोटात कसा गेला हे विचारलं जाणारच. वकिलांनी उपायही सुचवला. बहिणीनं सरबतात घालून दिली, सरांना पत्ता नव्हता, असं सांगायचं. बायकांची चेष्टा, हळदीचा दिवस, कोर्टही समजून घेईल. गाडीही निर्दोष आणि अध्यक्षही. हिराबाईंना निरोप गेला. त्यांनी उलट निरोप पाठवला की सांगते मी, माझ्या नावावर टाका. त्यांना कुठे अध्यक्ष व्हायचं होतं? सर यावर काही बोलले नाहीत. वकील ती संमती समजले. मीही समजलो.

तोवर पेणमध्ये वेगळीच हवा पसरली होती. पोलिसांनी आपल्या अध्यक्षांवर दारूचा आळ घेतला आणि अध्यक्ष लढताहेत, अशी समितीची समजूत झाली. ती कोणी करून दिली हे कळलं नाही आणि सरांनी ती दुरुस्त केली नाही. आयुष्यात हरकत घ्यायची ती एक संधी त्यांनी सोडली. तारखेच्या दिवशी समितीची मंडळी जीप करून रोह्याला आली. पांढरे शुभ्र कपडे, छातीवर बिल्ले. कोर्टाच्या बाकांवर ती ओळीनं बसली. मागच्या बाकाच्या टोकाला हिराबाई होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून, खोटं बोलायच्या तयारीनं.

न्यायाधीश एक बाई होत्या. हवालदारानं साक्ष दिली आणि टोपी हजर केली. इतक्या दिवसांनीही तिला जवळ्याचा वास येत होता, त्यामुळे बाईसाहेबांनी पुरावा लांबूनच पाहिला. मग सर पिंजऱ्यात उभे राहिले. त्यांनी इशाऱ्याचे नियम सांगायला सुरुवात केली तेव्हा बाईसाहेबांनी त्यांना थांबवून विचारलं की त्या दिवशी आपण मद्य घेतलं होतं का. समितीची मंडळी किंचित हसली, आमच्या अध्यक्षांना काय विचारताहेत, अशा थाटात. वकील लगबगीनं उठले आणि म्हणाले की माझ्या अशिलाला बहिणीनं सरबतातून, त्यांच्या नकळत...

हात वर गेला.

"माझी हरकत आहे," सर आपल्याच वकिलाला म्हणाले.

वकील उभेच राहिले. सर बाईसाहेबांकडे बघत नव्हते, मागच्या बाकाकडे बघत होते.

"सरबत नव्हतं. बहिणीनं सगळ्यांदेखत दिला, पिऊ नको म्हणाली, तरी मी घेतला. अर्धा प्याला. माझ्या वडलांचा मान होता तो. तिची काही चूक नाही. आधीच्या वेळी घेतला नाही, ती चूक माझी."

मी समितीच्या बाकाकडे बघितलं नाही, बघवलं नाही. हिराबाईंकडे बघितलं. त्या खाली मान घालून लुगड्याचा काठ सारखा करत होत्या.

बाईसाहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या की तो इशारा एकदा करून दाखवा. एवढी मोठी चूक कुठल्याच कोर्टानं केली नसेल. सरांनी हात पूर्ण लांब केला आणि नियमाप्रमाणे वर-खाली केला. वकील अजून तिथंच उभे होते. त्यांचा चष्मा उडून बेंच क्लार्कच्या टेबलावर पडला. हवालदार पुढे होऊन म्हणाला, "बगितलाव ना बाईसाहेब?" आणि कोर्टात पहिल्यांदा हशा झाला.

निकालात बाईसाहेबांनी म्हटलं की इशारा नियमाप्रमाणे होता, मद्य मर्यादेच्या आत होतं, वेग तर दखल घ्यावी इतकाही नव्हता. आरोप सिद्ध होत नाही. यापुढे शक्यतो गाडीचे दिवे वापरावेत, असं त्यांनी तोंडी सांगितलं. सरांनी त्यावर हरकत घेण्यासाठी तोंड उघडलं होतं, पण वकिलांनी त्यांचा कोट ओढला.

बाहेर आलो तर जीप निघून गेली होती. पुढच्या आठवड्यात समितीनं राजीनामा मागितला. मंडळी सभ्य, त्यांनी कारणही सुचवलं, प्रकृती अस्वास्थ्य. सरांनी त्याला हरकत घेतली. प्रकृती उत्तम आहे, यकृत तर फारच उत्तम आहे, असं म्हणून त्यांनी खरं कारण लिहिलं, 'भाचीच्या हळदीला अर्धा प्याला घेतल्याकारणाने'. मग माझ्या घरी येऊन यकृताची दोन्ही चित्रं परत दिली. समितीला लागतील, म्हणाले, पोचवा. निरोगी यकृतावरून त्यांनी एकदा बोट फिरवलं. त्या दिवशी मला त्यांची थट्टा सुचली नाही.

शाळेत काही दिवस मजा चालली. कोणी त्यांच्या टेबलावर रिकामी बाटली ठेवायचं, ते ती शांतपणे भंगारवाल्याला द्यायचे. समितीच्या नव्या अध्यक्षांनी पहिल्याच भाषणात सरांचं नाव न घेता बराच वेळ सरांबद्दल सांगितलं. हे अध्यक्ष स्वतः काय घेतात हे पेणमध्ये पानवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते कधी कोर्टात गेले नव्हते. घरत सरांनी त्या अर्ध्या प्याल्याआधी कधी दारूला हात लावला नव्हता आणि नंतरही लावला नाही. आख्ख्या आयुष्यात अर्धा प्याला, आणि तोही सरकारदफ्तरी नोंदवलेला.

मात्र त्या वर्षी गणपतीला हिराबाई पेणला आल्या. सर आरतीच्या वेळी दारापर्यंत गेले नाहीत, त्यांना जावं लागलं नाही. पुढे निवृत्त झाल्यावर त्यांची फियाट नागोठण्याच्या रस्त्याला वरचेवर दिसायची. माझ्या स्कूटरनं मी तिला मागून गाठलं की खिडकीतून तो लांबलचक हात बाहेर यायचा आणि जा पुढे, म्हणून हलायचा. मी जायचो. सर गेले तेही असेच, दुपारच्या झोपेत, कोणाला धक्का न लावता.

त्यांच्या दहाव्याला मी गेलो होतो. त्यांच्याकडे गेलेल्याच्या आवडीचं पानावर वाढून ठेवतात. वाटाण्याची उसळ होती, चहाचा कप होता. हिराबाई पानापाशी बसल्या होत्या. त्यांनी कमरेची बाटली काढली आणि एक छोटा प्याला पुढे ठेवला. समितीचे एक जुने सभासद माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी मान फिरवली. हिराबाईंनी प्याला अर्धा भरला आणि थांबल्या. भाचेजावयाला वाटलं, म्हातारीचा हात थरथरतोय. त्यानं पूर्ण भरायला बाटली घेतली.

हिराबाईंनी त्याचा हात धरला.

"अर्धाच. त्याला गाडी चालवाची हाय."